शिवेचा नारळ

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. अमेरिकेचा इतिहास हा माझा पेपर, आणि त्यातल्या एका तासाला दरवर्षी हमखास दंगा होतो. पश्चिमेकडच्या वस्तीचा तास. मी रंगात येऊन सांगत असते: बैल जुंपलेल्या गाड्या, वर ताणलेलं कापड, आत पिठाची पोती, बियाणं, नांगर, पोरंबाळं. महिनोन्‌महिने मावळतीकडं चालत गेलेली माणसं. कुठंतरी थांबायचं, जमिनीचा तुकडा धरायचा, खोपट उभं करायचं, थोडी नांगरट करायची, काही वर्षं तिथं टिकून दाखवायचं, की सरकार म्हणणार, घे, तुझी झाली. इथवर आलं की मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतंच, "मॅडम, म्हंजे अतिक्रमणच की वो हे!"

वर्ग फिदीफिदी हसतो. मीही हसते. ही सगळी हुपरी, नेसरी, पेठ वडगावकडनं एसटीत लोंबकळत येणारी पोरं. गायरान म्हणजे काय आणि त्यात पत्रा कसा ठोकतात, हे त्यांना मी शिकवायची गरज नाही. पण मग पुस्तकातलं ते वाक्य येतं, की वसाहतवाल्यांपुढं मोकळी जमीन पसरली होती, आणि माझं डोकं फिरतं. मोकळी? अरे, तिथं माणसं राहत होती. त्यांच्या शिकारीच्या वाटा होत्या, त्यांचे देव होते, पुरलेले बापजादे होते. नकाशा काढणाऱ्यानं तिथं रंग भरला नाही म्हणून जमीन मोकळी होते काय रे? माझा आवाज मुळातच मोठा. शेजारच्या वर्गातले सर उठून खिडकी लावून घेतात. लावू देत.

त्याच तासाला मी आणखी एक गंमत सांगते. ही माणसं जंगलाच्या मुलखातली. पुढं गवताळ सपाटी लागली, लांबच लांब, झाडाचा पत्ता नाही. तर यातल्या पुष्कळांना वाटलं, जिथं साधं झाड उगवत नाही ती जमीन काय पिकणार? म्हणून पायाखालची काळीभोर माती सोडून ते नदीकाठची झाडी शोधत गेले. पोरं पुन्हा हसतात. काय येडी माणसं, मॅडम! तेव्हा मी सांगते, "हसू नका." आणि क्षणभर खडू तसाच हातात राहतो, कारण मला आबा आठवतात.

आबा म्हणजे माझे वडील. आमचं मूळ गाव वर डोंगरात, घाटाच्या तोंडाशी होतं. पाऊस लागला की दिवसेंदिवस सूर्य दिसायचा नाही. धरण झालं, गाव पाण्याखाली जाणार हे ठरलं, आणि आम्हाला खाली सपाटीवर, पेठ वडगावच्या बाजूला एका गावाजवळ जागा मिळणार असं कळलं. पण उठले आणि निघाले असं कुणी केलं नाही. आधी चारपाच जाणती माणसं जागा बघायला पाठवली. आबा त्यांचे पुढारी. थोडंफार शिकलेले, बोलायला खमके, आणि एकदा डोक्यात घेतलं की घेतलं.

सरकारी माणसानं घरांसाठी दोन जागा दाखवल्या. एक गावाला लागून, ओढ्याच्या अलीकडं. काळी, सपाट, जवळच विहीर. दुसरी ओढ्याच्या पलीकडं. नुसता उंच, मुरमाड माळ, वर वारं आणि खाली दगड. कुणाही शहाण्या माणसानं पहिली जागा घेतली असती. आबा त्या काळ्या जमिनीत उभे राहिले, आभाळाकडं बघितलं आणि म्हणाले, "पाऊस लागला की हितलं समदं व्हावून जाणार. आमाला माळ द्या."

तो माणूस हसला म्हणे. "अवो पावणं, हिकडं पाऊस हाय कुठं? ढग नुसतं तोंड दावून जात्यात."

पण डोंगरातल्या माणसाचा पाऊस त्याच्याबरोबर चालतो. आमच्याकडं घर कायम उंचावर, खाली फक्त भातशेती, हा नियम. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. माळ ठरला.

आम्ही ट्रकनं आलो. माझ्या मांडीवर तुळशीचा डबा होता आणि वाटभर तो सांडू नये म्हणून मी दात आवळून बसले होते. मागं घराच्या तुळया, दारं, चौकटी, उतरवलेली कौलं, डालग्याखाली कोंबड्या. गाव मोडून आणलं होतं आम्ही, आणि माळावर तसंच्या तसं उभं केलं. उंच जोतं, छपराची घसरगुंडीसारखी उतरती पाखं, आणि पावसाळ्याच्या आधी प्रत्येक ओसरीला झड. झड म्हणजे गवताचा किंवा पेंढ्याचा जाड पडदा. ओसरीच्या उघड्या बाजूला वरपासून खालपर्यंत बांधायचा, म्हणजे आडवा पाऊस आत येत नाही, ओसरीवर चूल पेटते, दिवा राहतो, शेळी कोरडी बसते. वर डोंगरात झड बांधली नाही तर घरात राहताच येत नाही. इथं कारवीच्या काठ्या मिळाल्या नाहीत तर आबांनी तुरकाट्या आणल्या, गवत मिळालं नाही तर उसाचं पाचट आणलं. सगळ्या माळावर झडा बांधून आम्ही पावसाची वाट बघत बसलो.

पाऊस आला. चार थेंब पडले, धूळ बसली, आणि ऊन पडलं. पुन्हा आठवड्यानं चार थेंब. आम्ही ऐन पावसाळ्यात बंद ओसरीत घामाघूम होऊन बसलेलो, आणि गावातली माणसं ओढा ओलांडून आम्हाला बघायला यायची. "आवो, आत काय हुबं केलंय? गुऱ्हाळ हाय का काय?" तेव्हापासून आमचं नाव पडलं, झडवाले. शाळेत मास्तरसुद्धा म्हणायचे, ती झडवाल्यांची पोरगी. नाकाला मिरच्या झोंबायच्या माझ्या. मी दोघातिघांना बडवलंही होतं, खोटं कशाला बोलू.

पण चेष्टेवर भागलं असतं तर बरं होतं. तो माळ गावाचं गायरान होता. त्यांची गुरं तिथं चरायची. एक दिवस कुणीतरी कागदावर सही केली आणि गावाचं चराईचं रान गेलं. आम्ही आमचं घरदार बुडवून आलो होतो, त्यामुळं आम्हाला वाटायचं की आमच्याएवढं दुःख कुणाचं नाही. आणि त्यांना दिसायचं, की परकी माणसं आली आणि आपल्या रानात घरं बांधून बसली. दोघांचंही खरं होतं. हे मला आज वर्गात उभं राहून सांगता येतं. तेव्हा आम्ही एकमेकांच्या गुरांना दगड मारायचो.

या सगळ्याचा निकाल लागायचा चैत्रात, गावच्या यात्रेला. यात्रेत देवाची पालखी गावभर फिरते, दारोदार ओवाळणी होते, आणि शेवटी शिवेवर नारळ फोडून पालखी देवळाकडं परतते. शीव म्हणजे गावाची हद्द. पालखी गेली तितकं गाव. पहिल्या वर्षी आमच्या वसाहतीतल्या बायकांनी दारात सडा घातला, रांगोळ्या काढल्या. आई ताटात निरांजन लावून उभी. पालखी ओढ्यापर्यंत आली. ढोल वाजत होते, गुलाल उडत होता, आम्ही पोरं टाचा उंचावून बघत होतो. गुरवानं ओढ्याच्या अलीकडच्या काठावर नारळ फोडला. पालखी वळली. ढोल लांब लांब गेले. आई ताट घेऊन घरात गेली.

तेव्हापासून दरवर्षी तेच. आणि दरवर्षी वसाहतीतली माणसं आबांवर घसरायची. "खालची जागा घेतली असती तर देव दारातनं गेला असता. ह्यांनीच माळ माळ केलं." आबा कुणाला उलटून बोलायचे नाहीत. एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस, पण यात्रेच्या दुपारी चैत्राच्या उन्हात डोक्यावरून पांघरूण घेऊन भिंतीकडं तोंड करून झोपायचे. ढोल थांबले की उठायचे आणि विचारायचे, "फुटला का?" नारळ फुटला का, एवढंच. ओढ्यावर फुटला, असं आम्ही सांगायचो. मग ते चूळ भरून चहा मागायचे. आयुष्यात त्या माणसाला एकच गोष्ट हवी होती. पालखी माळावर चढावी, आणि आपण बघितलेली जागा गावात आहे हे देवानं मान्य करावं.

मी शिकले, नोकरीला लागले, कोल्हापुरात घर केलं. आई गेली. वसाहत बदलली, लोकांनी पाखं उतरवून स्लॅब टाकले, झडा बंद झाल्या. फक्त आमचं घर होतं तसं राहिलं, आणि आबा दरवर्षी मृगाच्या आधी झड बांधत राहिले. मी चिडायचे. "आबा, लोक हसत्यात. कशापायी बांधताय?" ते म्हणायचे, "ह्या वर्षी न्हाय आला, तर फुडच्या वर्षी येईल की." पाऊस, बरं का. मी कपाळावर हात मारायचे.

एका यात्रेला मात्र माझा पारा चढला. मी सरळ गावातल्या देवळात गेले आणि गुरवाला गाठलं. म्हातारा माणूस, आबांच्याच वयाचा, शांतपणे वाती वळत बसलेला. मी म्हटलं, "माळ तुमचं गायरान हुतं का न्हाय? गायरान गावाचंच असतंय न्हवं? मग शीव माळाच्या पलीकडं पायजे. ओढ्यावर नारळ फोडायचा हे कुठलं शास्त्र?"

कुणी माझ्याशी भांडेल याची तयारी मी करून गेले होते. गुरव भांडलाच नाही. म्हणाला, "पोरी, तुझं बरोबर हाय. आदी माळाच्या पार टोकालाच फुटायचा. तितं एक उभा धोंडा हाय बग, कलता. तीच शीव. तुमी आला, गायरान गेलं, तवा जुन्या माणसांनी रागानं शीव मागं घेतली. म्हनाली, गेलं ती गेलं, देवाला तिकडं न्यायचं न्हाय."

तो धोंडा मला माहीत होता. आमच्या वसाहतीच्या शेवटच्या घरामागं होता. लहानपणी आम्ही त्यावर बसून चिंचा खायचो, बायका त्यावर गोधड्या वाळत घालायच्या.

घरी येऊन मी तणतणत आबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते खूश होतील, त्यांच्या बाजूचा पुरावाच मिळाला की. आबा उठून दाराशी गेले. मग म्हणाले, "म्हंजे आपल्यामुळं देवाचं गाव आकसलं." मी म्हटलं, असं कसं म्हणता, आपण काय मागून घेतलं होतं का? पण त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या धोंड्यावर कुणाला बसू देईनात. गोधड्या स्वतः उचलून आणून द्यायचे आणि म्हणायचे, "ती जागा आपली न्हवं."

आणि मग काही वर्षांनी तो मोठा पूर आला. दोन दिवस पाऊस थांबेना म्हणून मी आबांना कोल्हापूरला घेऊन यायला गेले. आबा यायला तयार होईनात, आमची भांडाभांडी होईपर्यंत मागं रस्ता पाण्याखाली गेला आणि मीच अडकले. सकाळी उठून बघते तर ओढा दिसेना. ओढा, विहीर, काळं शिवार, सगळं एक झालेलं. आबांना दाखवलेली ती पहिली जागा, जिच्यासाठी आयुष्यभर लोकांनी त्यांना बोलून घेतलं, ती छातीएवढ्या पाण्यात होती. आबा काठी टेकत माळाच्या कडेला येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, बघ, मी सांगितलं होतं. ते पाण्याकडं बघत म्हणाले, "मागनं हितवर आलास व्हय रं तू?" पावसाला, ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं.

मग गाव वर यायला लागलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, नंतर होडीतून. म्हातारी माणसं, गाभण म्हशी, गॅसच्या टाक्या, दप्तरं. आमच्या वसाहतीतल्या बायकांनी कुणी काही सांगायच्या आत चुली पेटवल्या. शाळा भरली, समाजमंदिर भरलं, सगळ्यांच्या घरात दोन दोन तीन तीन कुटुंबं. ज्यांच्या गुरांना ओढ्यावर दगड मारले होते त्यांची नातवंडं आमच्या पलंगावर झोपली. माणूस अशा वेळी बरा वागतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दुपारच्या होडीतून गुरव आला. प्लॅस्टिकच्या कागदात आणि घोंगड्यात गुंडाळलेलं काहीतरी पोटाशी धरलं होतं. देवाचा चांदीचा मुखवटा, हुपरीच्या कारागिरानं घडवलेला, मी लहानपणी लांबून बघितलेला. मागं दोघांनी पालखी डोक्यावर धरलेली, गोंडे भिजून लोंबत होते. देऊळ गाभाऱ्यापर्यंत बुडालं होतं. गुरव उघड्यावर उभा राहिला आणि आता देवाला कुठं ठेवायचं हा प्रश्न पडला.

शाळेत पाय ठेवायला जागा नाही, खरकटं सांडलेलं. कुणीतरी म्हणालं, आमच्या हॉलमध्ये ठेवा, फरशी आहे. लगेच दुसरा म्हणाला, त्याच्याच घरात का? पुरात माणसं भांडत नाहीत असं नाही. गुरव म्हणाला, "द्येव कुणाच्या घरात जाणार न्हाय. गेला की त्या घराचा हुतो, मग वरीसभर कटकटी. आन् भायेर ठेवावा तर दिवा ऱ्हायना." देवापुढचा दिवा विझू द्यायचा नाही, ही त्यांची रीत. आणि माळावर तर आडवा पाऊस असा की पोर्चमध्ये उभं राहिलं तरी तोंडावर सपकारे बसावेत. त्या सगळ्या स्लॅबच्या घरांना पोर्च होते, आणि सगळे पोर्च चिंब.

आबा गर्दीच्या मागं उभे होते. हळूच म्हणाले, "माज्या वसरीवर झड हाय."

कुणी हसलं नाही.

आमची ओसरी घरातही नाही आणि बाहेरही नाही. समोर पाचटाची झड, आत कोरडी ठक्क जमीन, शेणानं सारवलेली. गुरव वाकून आत गेला. बाहेर ढगफुटी झाल्यासारखा पाऊस, आणि आत वारा म्हणून नाही. त्यानं कोपऱ्यात पालखी ठेवली, मुखवटा पुसून बसवला, दिवा लावला. ज्योत सरळ उभी राहिली. गुरवानं झडेवरून हात फिरवला, दाबून बघितली आणि म्हणाला, "दाट बांधलीया की वो, पावणं."

"दरसाल बांधतो," आबा म्हणाले.

पूर उतरेपर्यंत देव आमच्या ओसरीवर होता. आबा आणि गुरव, दोघे म्हातारे, दिवसभर तिथं बसून असायचे. आबा तेल घालायचे, झडेची गाठ सुटली तर बांधायचे. मी चहा घेऊन गेले की दोघे वर डोंगरातल्या पावसाबद्दल बोलत असायचे. गुरव विचारायचा आणि आबा सांगायचे. इतक्या वर्षांत गावातल्या कुणी त्यांना ते विचारलंच नव्हतं. शीव, पालखी, धोंडा, यांतलं एक अक्षर आबांनी काढलं नाही. मीच शेवटी म्हटलं, "आबा, आता बोला की. आत्ता न्हाय तर कवा?" तर माझ्यावर डोळे वटारले. "बुडालेल्या माणसाकडं मागणं मागायचं व्हय? तुला कॉलेजात हेच शिकवत्यात काय?" असं मला गप्प बसवणारा तो एकच माणूस.

पाणी उतरलं, देव गेला, चिखल काढण्यात महिने गेले.

मग चैत्र आला. मी यात्रेला मुद्दाम रजा टाकून गेले. आबांना ठणकावून सांगितलं, "ह्या वर्षी पालखी वर येणार. लिहून घ्या माझ्याकडनं." ते म्हणाले, "गप बस. आस लावू नगंस." आणि दुपारी ढोल सुरू झाले तसे पांघरूण घेऊन झोपले, भिंतीकडं तोंड करून, दरवर्षीसारखे. फक्त एक वेगळं होतं. सकाळी उठून त्यांनी ओसरीला झड बांधली होती. भर चैत्रात, अंगाची लाही लाही होत असताना. मी विचारलं तर म्हणाले, "असू दे." मला हसू आलं.

मी ओढ्यावर जाऊन उभी राहिले. पालखी आली. नेहमीच्या जागी थांबली. गुरवानं हातात नारळ घेतला. म्हटलं, फोडतोय आता. त्यानं नारळ छातीशी धरला आणि पलीकडं उभ्या असलेल्या आमच्या लोकांकडं बघून ओरडला, "आरं, बगत काय हुबं ऱ्हायलाय? खांदा द्या की! चढ तुमचा हाय!"

पुढचं मला नीट सांगता येत नाही. आमची पोरं ओढ्यात उड्या मारून अलीकडं आली. पालखीच्या दांड्याखाली गावाचा एक खांदा, वसाहतीचा एक खांदा. ढोलवाल्यांनी असा दणका काढला की माळ हादरला. मी साडी वर खोचून घराकडं पळत सुटले, या वयात, आणि दारातूनच बोंबलले, "आबा, उठा! आली!"

आबा उठून बसले. नेहमीचाच प्रश्न विचारला, "फुटला का?"

"न्हाय फुटला! वर आणालाय!"

पालखी आमच्या दारात आली. गुरवानं कुणाला न विचारता झड बाजूला सारली आणि पालखी आत, त्याच कोपऱ्यात टेकवली. आबांनी पाया पडून डोकं टेकवलं ते वर घेईनात. त्यांना उठवावं लागलं. पण पालखी थांबली नाही. उठली, पुढं निघाली, आमच्या शेवटच्या घराच्या मागं, त्या कलत्या धोंड्याकडं. आबा माझ्या खांद्यावर हात टाकून मागं चालत होते.

मी चालताना माझा तास आठवत होते. फळ्यावर मी दरवर्षी एक रेघ काढते, वस्तीची सीमा. ती रेघ नव्यानं आलेल्यांनीच पुढं ढकललेली असते, आणि जे आधीपासून तिथं होते ते दरवेळी मागं मागं. इथं आधीच्या माणसांनी आपल्या हातात नारळ धरून ती रेघ स्वतः पुढं नेली होती, आम्हाला आत घेण्यासाठी. असं मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही.

धोंड्यापाशी गुरव थांबला. कुणीतरी आधीच धोंडा धुऊन ठेवला होता, स्वच्छ, ओला. गुरवानं आबांकडं बघितलं. आबा दुसरीकडं बघायला लागले. गुरवानं धोंड्याला गुलाल लावला आणि नारळ आपटला. एका घावात दोन भकलं.

आबा धोंड्यापाशी खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मीही रडले, चारचौघांत, लाज न बाळगता. गुरवानं खोबऱ्याचा तुकडा आणून आबांच्या हातावर ठेवला आणि शेजारी बसला.

"आदी फुटत हुता तितंच फुटला न्हवं?" आबांनी विचारलं.

"हुता तितंच," गुरव म्हणाला.

आबांनी मान हलवली. मग तो तुकडा माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "तू खा. मला दात न्हाईत."